वाढदिवस एकाचा, डाव सगळ्यांचा

संक्रांतीच्या दिवसांत सोलापूर सिद्धेश्वराचं असतं. नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते. आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं यांच्याकडे गावातली सगळी पोरं ओढ घेत असतात. याच दिवसांत घराघरांत आणखी एक सोहळा चालतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीचा दिवस बघून घरातल्या लहानग्याचं बोरन्हाण होतं.

पाटावर काळ्या झबल्यातलं बाळ. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, मुलगा असेल तर हातात हलव्याची बासरीही. शेजारच्या परातीत चुरमुरे, गावरान बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, बत्तासे, रेवड्या, आणि आता गोळ्या-चॉकलेटंही. सवाष्णी औक्षण करतात आणि एकेक जण वाटी भरून बाळाच्या डोक्यावरून ओतते. वाटी कलंडली रे कलंडली, की भोवती दबा धरून बसलेली गल्लीतली पोरं तुटून पडतात. कोणी फ्रॉकच्या ओच्यात भरतं, कोणी शर्टाच्या खिशात, कोणी सरळ तोंडात. एखादं बुजरं पोर मागेच राहिलं, तर आजी सांडलेल्यातली मूठभर बोरं त्याच्याकडे सारते आणि म्हणते, "घे की रे, तू बी घे."

मुलाच्या वाढदिवसाला कोणते खेळ घ्यायचे, हा प्रश्न आज घरोघरी पडतो. त्याचं उत्तर शोधायला मी बोरन्हाणापासून सुरुवात करतो, कारण या खेळाची रचना फार विचारपूर्वक झालेली आहे. ज्याचा सोहळा, तो मधोमध बसतो. पण तो काही जिंकत नाही. त्याच्या डोक्यावरून जे पडतं ते इतरांच्या मुठीत जातं. त्याचं कौतुक होतं आणि त्याच क्षणी तो देणारा होतो. खेळायला आलेल्यांपैकी कोणी रिकाम्या हाताने उठत नाही.

हे एकट्या मराठी घरांचं वैभव नाही. तेलुगू मुलखात भोगीच्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या आणि सुटी नाणी ओततात. कन्नड मुलखातही संक्रांतीला मुलांवरून बोरं ओवाळून टाकायची रीत आहे. हे तिन्ही मुलूख सोलापुरात एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, सिद्धेश्वराच्या भक्तांत कन्नड बोलणारे लिंगायत, त्यांच्यामध्ये मराठी आणि दख्खनी बोलणारी वस्ती. पोरांना या सीमा खेळताना कधी आड आल्या नाहीत. विटीदांडूत अंतर मोजताना महाराष्ट्रभर मुलं वकट, लेंड, मुंड, नाल असं म्हणत आली. सोलापूरच्या साखर पेठेतल्या पोराला ते शिकवावं लागत नसे. घरात आई तेलुगूत तसंच मोजत होती.

मार्कंडेयाचा आशीर्वाद

वाढदिवस ही गोष्ट केकबरोबर आली असा आपला समज असतो. केक उशिरा आला हे खरं. वाढदिवस जुना आहे. धर्मशास्त्रात जन्मतिथीला करायचा 'वर्धापन' नावाचा विधी सांगितला आहे. त्यात अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांचं स्मरण करायचं, मार्कंडेयाची पूजा करायची आणि तीळगूळ घातलेलं दूध प्यायचं. मार्कंडेयच का, ते त्याच्या कथेत आहे. त्याला आयुष्य सोळाच वर्षांचं लाभलेलं. मृत्यू न्यायला आला तेव्हा पोराने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला परत जावं लागलं. सोळाव्या वर्षाच्या पलीकडे गेलेला हा मुलगा म्हणून वाढदिवसाचा देव झाला.

सोलापुरात या मार्कंडेयाचं स्थान फार मोठं आहे. पद्मशाली समाज त्याला आपला मूळपुरुष मानतो आणि नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून त्याचा रथ निघतो. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, पुढे जुनी गिरणी म्हणूनच ती ओळखली गेली. गिरण्या वाढल्या, हातमाग वाढले आणि तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबं इथे रुजली. त्यांनी आपला देवही सोबत आणला.

मार्कंडेयाच्या कथेतली भीती त्या काळच्या प्रत्येक आईच्या ओळखीची होती. देवी, पटकी, घटसर्प, गोवर यांच्या तावडीतून एक वर्ष निभावलं, हाच वाढदिवसाचा अर्थ होता. मुलाची दृष्ट काढायची, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून औक्षण करायचं, गोडाचं करायचं आणि गल्लीतल्या पोरांना बोलवायचं. ती पोरं पाहुणी म्हणून येत नसत. हा मुलगा आमच्यातला आहे, आमच्याबरोबर वाढणार आहे, असं सांगायला ती येत. यात एक उणीव मात्र कबूल केली पाहिजे. कित्येक घरांत मुलाच्या वाढदिवसाला खपली गव्हाची हुग्गी शिजायची आणि मुलीच्या वाढदिवसाची कोणाला आठवणही नसायची. बोरन्हाण मुलामुलींचं सारखं होई, वाढदिवस होत नसे. नव्या पार्ट्यांनी जी चांगली गोष्ट केली ती हीच, की आता मुलीच्या नावाचेही फुगे लागतात.

गोपाळपूरचा काला

मुलाच्या वाढदिवसाला खेळ खेळायची आपली सर्वांत मोठी परंपरा तर सोलापूर जिल्ह्यातच आहे. गोकुळाष्टमी हा एका मुलाचा वाढदिवस, आणि दुसऱ्या दिवशीची दहीहंडी हा त्या वाढदिवसाचा खेळ. उंचावर टांगलेलं मडकं फोडायचं आणि खाली पडेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. मेक्सिकोत वाढदिवसाला आणि नाताळच्या दिवसांत असाच पिन्याटा फोडतात. डोळे बांधलेलं मूल काठी फिरवतं आणि रंगीत मडक्यातून मिठाई ओघळली की सगळी मुलं तिच्यावर झेपावतात. जगाच्या दोन टोकांना मुलांच्या आनंदाची एकच युक्ती सुचली.

आपल्या दहीहंडीला थरांची, बक्षिसांची, मंडळांच्या चढाओढीची जोड मिळाली आहे. पंढरपूरशेजारच्या गोपाळपुरात मात्र तिचं मूळ रूप दिसतं. आषाढी एकादशी झाली की पौर्णिमेला संतांच्या पालख्या गोपाळपुरात जमतात आणि काला होतो. लाह्या, दही, लोणचं, ज्याच्याकडे जे असेल ते एकत्र कालवलं जातं आणि वारकरी एकमेकांना घास भरवतात. श्रीमंताची शिदोरी कोणती आणि गरिबाची कोणती हे कालवल्यावर ओळखू येत नाही. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्याची ही आठवण.

खेळाला वारकऱ्यांनी कधी पोरकट मानलं नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुंबरी, हमामा, फुगडी, टिपरी अशा खेळांवरचे अभंग आहेत. माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात आल्यावर सदाशिवनगर, खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी इथे गोल रिंगणं होतात. अश्व धावून गेले की वारकऱ्यांचे खेळ रंगतात. साठी ओलांडलेले बुवा हुतुतू घालतात, पांढऱ्या केसांच्या आज्या फुगडीत गरगरतात. कोण जिंकलं हे तिथे कोणी विचारत नाही. दमलेला बाजूला होतो, दुसरा आत येतो, आणि खेळ चालू राहतो.

खुर्च्यांचं गणित

आता जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता या भागांतल्या एखाद्या सभागृहात संध्याकाळी डोकावा. फुग्यांची कमान, तिच्यावर मुलाचं नाव, त्याच्या आवडत्या सुपरहिरोचा पडदा, ब्लूटूथ स्पीकर आणि माईक घेतलेला खेळ घेणारा तरुण. हा तरुण मेहनती असतो. तीस-चाळीस अनोळखी मुलांना दोन तास गुंतवून ठेवणं सोपं काम नाही आणि त्याच्या या रोजगाराबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार त्याच्याकडून मागितल्या जाणाऱ्या खेळांबद्दल आहे. संगीत खुर्ची, पार्सल, स्टॅच्यू, 'शिवाजी म्हणतो', फुगा फोडणं, लिंबू-चमचा: यांतले बहुतेक खेळ मुलांना एकेक करून बाहेर काढण्यावर उभे आहेत.

संगीत खुर्चीचं गणित मांडून बघा. 20 मुलं, 19 खुर्च्या, दर फेरीत एक जण बाद, म्हणजे 19 फेऱ्या. सगळी मुलं सगळ्या फेऱ्या खेळली असती तर खेळण्याच्या 380 संधी झाल्या असत्या. प्रत्यक्षात होतात 209. उरलेल्या 171 वेळा कोणतं ना कोणतं मूल भिंतीला पाठ लावून दुसऱ्यांकडे बघत बसलेलं असतं. पहिल्या फेरीत बाद झालेल्याच्या वाट्याला 19 पैकी एकच फेरी येते. आणि पहिल्या फेरीत बाद कोण होतं? वयाने सर्वांत लहान, अंगाने नाजूक, ओळखी नसलेलं, नाहीतर धक्काबुक्कीला घाबरणारं मूल. ज्याला खेळाची गरज सर्वांत जास्त, त्याला खेळ सर्वांत कमी मिळतो. ते मूल मग केकच्या टेबलाखाली शिरतं, फुगे ओढतं, आईच्या मोबाईलसाठी हट्ट करतं. मोठी माणसं म्हणतात, हा फार त्रास देतो.

दुसरा पेच उत्सवमूर्तीचा. त्याचा वाढदिवस म्हणून त्याला जिंकू द्यायचं की खऱ्या खेळात हरू द्यायचं? जिंकवलं तर बाकीच्या मुलांना ते लगेच कळतं. सात वर्षांच्या मुलांइतका कडक पंच दुसरा नाही. हरवलं तर नव्या कपड्यांतला मुलगा सगळ्यांदेखत रडतो. बोरन्हाणात हा पेच पडतच नाही, कारण तिथे मधे बसलेल्या मुलाला स्पर्धेत उतरवलेलंच नसतं.

संगीत खुर्ची युरोपातून आली. जर्मन मुलं तिला जेरुसलेमची सफर म्हणतात. तिला सोडचिठ्ठी द्यावी असं मी म्हणत नाही, तिच्यात गंमत आहे. टेरी ऑर्लिक या कॅनडातल्या अभ्यासकाने 1978 साली सहकारी खेळांवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या संगीत खुर्चीत दर फेरीला खुर्ची कमी होते, मूल कमी होत नाही. गाणं थांबलं की उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून बसायचं. मांडीवर बसा, काठावर टेका, एकमेकांना धरा. आठ-दहा मुलांचा गट आणि शेवटी तीन खुर्च्या ठेवल्या तर हसून हसून पोटं दुखतात. खेळ तोच, एक नियम बदलला आणि शेवटपर्यंत सगळे आत राहिले.

बसलेला गडीही खेळात

आपल्या गल्लीतल्या खेळांत हा विचार आधीपासून मुरलेला आहे. विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य त्याने शिवून 'विष' म्हटलं की गडी जागच्या जागी थिजतो, आणि दुसऱ्या गड्याने हात लावून 'अमृत' म्हटलं की तो पुन्हा पळायला मोकळा. बाद होणं इथे घटकाभराचं असतं आणि त्यातून सोडवणारा मित्रच असतो. साखळीत पकडलेला बाहेर जात नाही, पकडणाऱ्यांच्या हातात हात घालून साखळी लांबवतो. मामाचं पत्र हरवलं या खेळात रुमाल न सापडलेल्यावर राज्य येतं, म्हणजे हरलेल्यालाच धावायची संधी मिळते. लगोरीत एकाचा नेम चुकला तरी सात चकत्या रचायला सगळा गट लागतो.

खो-खो तर या बाबतीत गुरू आहे. पाटीवर आठ गडी उकिडवे बसलेले, पण आळसावलेला एकही नाही. कोणत्याही क्षणी पाठीवर थाप पडेल आणि उठून धावावं लागेल, म्हणून प्रत्येकाचा श्वास खेळात अडकलेला. संगीत खुर्चीत बसलेला म्हणजे संपलेला. खो-खोत बसलेला म्हणजे पुढचा धावणारा. या मातीतल्या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. मुलाच्या वाढदिवसाला सोसायटीच्या आवारात खो-खोची पाटी आखायला याहून चांगलं निमित्त कोणतं हवं?

या खेळांना सामान लागत नाही, ही सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या गावात मोलाची गोष्ट आहे. बायका दिवसभर घरात विड्या वळतात, एका खोलीत स्वयंपाक, तंबाखूचं सूप आणि पोरांची दप्तरं. अशा घरात वीस खुर्च्या कुठून येणार? तिथला वाढदिवस दाराबाहेर होतो. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. अशा वसाहतींत दोन घरांच्या रांगांमधला रस्ता हेच मुलांचं सभागृह. खडूने रेघ मारली की मैदान तयार, आणि एकाने हाक दिली, "चल की बे, डाव मांडू," की गडी तयार.

चादरीचे दोन खेळ

सोलापुरात वाढदिवस करायचा तर घरातली सोलापुरी चादर बाहेर काढा. महाराष्ट्रातल्या वस्तूंत भौगोलिक मानांकन आधी मिळवणाऱ्यांत ही चादर आहे. जाड सुताची, घट्ट विणीची, मुलांनी ओढली तरी टिकणारी. एकेरी चादर साधारण पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असते. तिच्यावर दोन खेळ होतात.

पहिला घडीचा. चादर जमिनीवर पसरायची, गाणं लावायचं, आठ-दहा मुलं भोवती नाचतात. गाणं थांबलं की सगळ्यांनी चादरीवर यायचं, कोणाचाही पाय जमिनीला लागता कामा नये. मग चादरीची घडी घालून ती अर्धी करायची. पुन्हा गाणं, पुन्हा घडी. पहिल्या घडीपर्यंत मुलांना खेळ सोपा वाटतो. दुसऱ्या घडीला चादर पाव होते आणि मुलं एकमेकांचे खांदे धरतात. तिसऱ्या घडीला सर्वांत थोराड मुलगा सर्वांत लहानाला उचलून घेतो, कारण त्याचा पाय खाली टेकला तर सगळा गट हरतो. धक्का मारणारा पोरगा पाच मिनिटांत आधार देणारा झालेला असतो. त्याला कोणी उपदेश केलेला नसतो, नियमानेच त्याला तिथे आणलेलं असतं.

दुसरा उसळीचा. चादरीच्या चारी बाजू मुलांनी धरायच्या, मधे फुगा किंवा हलका चेंडू ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून तो उडवत ठेवायचा. खाली न पडता दहा उसळ्या, मग वीस, मग तीस. मुलं मोठ्याने मोजतात आणि आकडा चुकला की पुन्हा एकपासून. घरात आजी तेलुगूत मोजणारी असेल, मामी कन्नडमध्ये, तर दर खेपेला वेगळ्या भाषेत मोजायला लावावं. चार वर्षांचं पोर आणि बारा वर्षांचा दादा एकाच चादरीला लोंबकळतात, दोघांचाही उपयोग होतो.

आईबापांसाठी

ज्यांच्या घरी येत्या वर्षात वाढदिवस आहे त्यांना काही कामाच्या गोष्टी सांगतो. सहा-आठ वर्षांच्या मुलांना एका वेळी दहा-पंधरा मिनिटांचा खेळ पुरतो. त्याआधी थांबवला तर हुरहूर राहते, फार ताणला तर भांडणं होतात. मुलं येतील तशी सामील होतील असा खेळ पहिला असावा. साखळी किंवा मामाचं पत्र त्यासाठी उत्तम. पळापळ खाण्याआधी, बैठे खेळ खाण्यानंतर. चिठ्ठ्यांचा राजा-राणी-चोर-शिपाई, नाव-गाव-फळ-फूल हे तेव्हा घ्यावेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून जातो, तेव्हा उन्हं उतरल्याशिवाय मैदानी खेळ मांडू नयेत आणि पाण्याचा माठ जवळ असावा.

लहान मुलं हजर असतील तर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे ताबडतोब उचलावेत. ते घशात अडकतात. बोरन्हाणातली बोरं, शेंगा, टणक गोळ्या वर्षभराच्या बाळाच्या हाती लागू देऊ नयेत आणि ओतताना हात खाली ठेवावा. पेटत्या मेणबत्तीजवळ फेसाचा फवारा उडवू नये. तो भडकतो आणि मुलांचे चेहरे भाजतात.

ज्याचा वाढदिवस त्याला यजमानपण द्यावं. पहिला डाव कोणता ते तो ठरवील, गट पाडील, नवीन आलेल्या मुलाला हाताला धरून आत आणील, खाऊ स्वतः वाटील. यात त्याचा मान राहतो आणि जिंकण्या-हरण्याच्या पेचातून तो सुटतो. बक्षीस द्यायचंच असेल तर गटाला द्यावं आणि वाटून घेता येईल असं द्यावं. खेळ घेणारा तरुण बोलावला असेल तर त्याला आधीच सांगावं, "दादा, मुलं बाद होणार नाहीत असेच खेळ घ्या." आपण मागितलं तर तोही आनंदाने घेईल, त्यालाही रुसलेली मुलं सांभाळायची नसतात. आणि मुलाच्या वाढदिवसाला मुलींना बोलवावं, शेजारच्या घरात काम करणाऱ्या मावशींच्या लेकरालाही. काला हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोठ्यांनी एक तास फोन खिशात ठेवून खेळात उतरणं. बापाने आंधळी कोशिंबीर खेळताना दाराला धडकणं आणि आत्याने लंगडी घालताना पदर खोचणं, याची मुलांना जन्मभर आठवण राहते. सभागृहाचं भाडं, केकचे मजले, परतभेटीचे डबे यांच्यावर घरं ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतात, कित्येकदा शेजारच्याने केला म्हणून करतात. त्यातला थोडा खर्च कमी करून मुलांना थोडी मोकळी जागा आणि आपला थोडा वेळ दिला, तर मुलांचं काही कमी होणार नाही.

वाढदिवस चांगला झाला का, हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे. आलेल्यांत जे मूल सर्वांत लहान, सर्वांत बुजरं होतं, त्याला दुसऱ्या दिवशी विचारावं, "काय काय खेळलास?" त्याला चार खेळांची नावं सांगता आली, तर उत्सवमूर्तीला मनापासून आशीर्वाद मिळाला असं समजावं.